शिवलेली चोच

मी एक जुना कापडी कावळा आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी आजवर कुणाचे काहीही चोरलेले नाही. हे सांगावे लागते. कावळा म्हटले की तुम्ही लगेच आपापला खाऊ मुठीत धरता. त्यात तुमचा दोष नाही, तुम्हाला गोष्टीच तशा सांगितल्या गेल्या आहेत. गोष्टीतला कावळा कोल्ह्याने जरा गोड म्हटले की तोंड उघडतो आणि तोंडचा घास घालवून बसतो. मोराची पिसे खोचून मिरवायला जातो आणि मोरांचाही मार खातो, कावळ्यांचाही. घड्यात खडे टाकून पाणी वर आणणारा एक हुशार निघाला खरा, पण त्यालाही म्हणे तहान लागली म्हणून अक्कल सुचली. फार जुन्या एका गोष्टीत तर आम्ही मुळात पांढरेशुभ्र होतो. आमच्यातल्या कुणीतरी एकदा एक वाईट बातमी आणली. बातमी खरी होती, पण ऐकणाऱ्याला तिचा इतका राग आला की त्याने आमची सगळी जातच काळी करून टाकली. मला सगळ्या गोष्टींत हीच जास्त पटते. का ते पुढे कळेल.

मी स्वतः मात्र जन्मापासूनच काळा आहे, कारण मी छत्रीचा आहे. एका वादळात एक मोठी छत्री उलटी झाली, तिच्या काड्या मोडल्या आणि ती कचऱ्यात जायला निघाली. तिथून तिला उचलले बाहुलीताईने. हातात घालायच्या बाहुल्या करून त्यांचे खेळ करणे हा तिचा धंदा. तिचे खरे नाव कुणी घेत नसे, सगळी गल्ली तिला बाहुलीताईच म्हणे. तिने छत्रीचे कापड धुतले, कापले, आणि त्यातून माझे डोके, अंग आणि दोन पंख काढले. चोच केली एका जुन्या चपलेच्या चामड्याची, वरची एक आणि खालची एक, आत बोटे घातली की उघडणारी. डोळ्यांना दोन बटणे लावली. एक कोटाचे, एक सदऱ्याचे. त्यामुळे माझा एक डोळा मोठा आणि एक बारीक झाला, आणि मी कुणाकडेही पाहिले तरी समोरच्याला वाटते की याचा आपल्यावर विश्वास नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असते.

आमचे घर बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत होते. खाली भट्टी असल्यामुळे आमची जमीन थंडीतही कोमट राही, आणि पहाटेपासून पावाचा वास जिन्यातून वर येई. बाहुलीताईच्या जोडीला एक गृहस्थ होते. ते आधी मोठ्या नाटकघरात पडदा ओढत. त्यांना सगळे पडदेकाका म्हणत. आमच्या खेळात पडदा तेच ओढत, डब्यात वाटाणे हलवून पाऊस पाडत आणि पत्रा वाजवून गडगडाट करत. माझा आवाज बाहुलीताईचा असे, पण तो तिचा म्हणून ओळखू येत नसे. दोन पातळ पत्र्यांमध्ये फीत ताणून बांधलेली एक पत्ती ती टाळूला धरी आणि तिच्यातून बोले. मग शब्द घोगरे, फाटके, अगदी कावळ्याचे होऊन बाहेर पडत. ती पत्ती तोंडात असली की माणूस हसतो आहे की रडतो आहे, हे पडद्यापुढच्यांना कळत नाही. एवढे लक्षात ठेवा.

आमच्या धंद्याच्या दोन रीती होत्या. खेळ संपला की बाहुली हातातून उतरलीच पाहिजे, ही एक. आणि पडद्यामागचे पडद्यामागे, ही दुसरी. आत कुणाचा दोरा तुटला, कुणाला ठसका लागला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आले, ते बाहेर कुणाला सांगायचे नाही. पडदेकाका या दुसऱ्या रीतीला फार जपत.

माझा सगळ्यांत गाजलेला खेळ कावळी आणि कोकिळेच्या पिल्लाचा. मी कावळा की कावळी हे त्या त्या दिवशीच्या गोष्टीवर ठरे, मला त्याचे काही वाटत नाही. कोकिळा कावळीच्या घरट्यात अंडे ठेवून जाते. कावळी ते उबवते, पिल्लाला भरवते, ‘म्हण बाळा, काव’ असे शिकवते. पिल्लू तोंड उघडते आणि कुहू म्हणते. कावळी दचकून घरट्यातून खाली पडते. मग पिल्लू उडून जाते, आणि कावळी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारत फिरते, ‘माझं पिल्लू पाहिलंत का?’ मुले ओरडत, ‘ते तुझं नव्हतंच, वेडे!’ आणि पोट धरधरून हसत. कोकिळेचे पिल्लूही माझ्याच छत्रीच्या उरलेल्या तुकड्याचे होते. गोष्टीत आमचे नाते नसले तरी कापड एकच होते.

मग एके दिवशी बाहुलीताईची धाकटी बहीण आली. ती एका फिरत्या कंपनीत गात असे. आज या गावात, उद्या त्या गावात. तिच्या कडेवर नुकतीच बसायला लागलेली एक मुलगी होती. नवरा त्याआधीच वारला होता.

"ताई, एवढा हंगाम सांभाळ. हंगाम संपला की येते," ती म्हणाली.

"आणि तुझं गाणं ऐकल्याशिवाय ही झोपेल का?" बाहुलीताईने विचारले.

"तू गा."

"माझा गळा कावळ्याचा आहे, तुला माहीत आहे."

दोघी हसल्या. बहीण गेली. हंगाम संपला, दुसरा सुरू झाला, मग तिसरा. मधूनमधून बहीण येई, दोन दिवस राही, आणि जाताना जिन्यातच रडू लागे. तिला पोटासाठी फिरावे लागे, ती काही हौसेने लांब राहत नव्हती. पण खालच्या बेकरीवाल्याच्या बायकोची जीभ फार चुरचुरीत. ती एकदा म्हणाली, "बाई, कोकिळेनं अंडं ठेवलं आणि कावळी बसली उबवत." दुसऱ्या वेळी म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते उगीच नाही."

"मरो कशाला? ती धडधाकट आहे," बाहुलीताई एवढेच बोलली. पण त्या दिवसापासून तिने कोकिळेचा खेळ बंद केला. कुणी मागितला तर म्हणे, कोकिळेला कसर लागली आहे.

मुलीला आम्ही ठकी म्हणत असू. ती बाहुलीताईला माऊ म्हणे आणि मला काऊ. लहानपणी ती जेवायला महाखट. बाहुलीताईच्या हातचा भात तोंडात घेई आणि फुर्रर्र करून उडवी. एकदा वैतागून बाहुलीताईने धंद्याची पहिली रीत मोडली. खेळ नसताना मला हातात घातले आणि माझ्या चोचीत भाताचा घास धरला. ठकीने माझ्या लहानमोठ्या डोळ्यांकडे पाहिले आणि मुकाट्याने आ केला. त्यानंतर रोज तिला मीच भरवले. पडदेकाका म्हणत, "पोरगी चपलेनं जेवते, कलियुग आलं." माझी चोच रोज साबणाने धुतली जाई. चामड्याला पाणी सोसत नाही, ती कडक होऊन तडकू लागली. पण मित्रांनो, आयुष्यात मला जे काही सुख मिळाले ते त्या तडकलेल्या चोचीनेच मिळाले आहे.

पुढे एक आणखी सवय लागली. घरात काही कठीण सांगायचे असले की ते मीच सांगायचे. ताप आला तेव्हा बाहुलीताई म्हणाली, औषध गोड आहे. ठकीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, कडू आहे, पण पटकन गिळलं तर थोडंच कडू. ते तसेच निघाले. दात पाडायचा होता तेव्हा, दुखेल हे मी सांगितले. जिन्यातली मांजर मेली तेव्हा ती गावाला गेली नसून मेली आहे, हेही मीच सांगितले. ठकी तेव्हा माझ्या पंखात तोंड खुपसून खूप रडली, आणि मग बेकरीवाल्याच्या बायकोला म्हणाली, "माऊ गोड बोलते. काऊ खरं बोलतो."

हे बाहुलीताईला फार आवडले. तिने ते मनाशी धरले. माझ्या तोंडून ठकीशी तिने त्यानंतर कितीतरी वर्षे लटके बोलू दिले नाही, अगदी थट्टेतसुद्धा. वाईट बातमी आणणारा कावळा म्हणून जगात आम्हाला दगड बसतात. त्या दोन खोल्यांत मात्र मला त्याच कामाचा मान होता.

ठकी शाळेत जाऊ लागली, पडद्यामागे उभी राहून बाहुल्या हातात द्यायला शिकली. तिचा गळा गोड निघाला. ती गुणगुणू लागली की बाहुलीताई हातातले काम थांबवून ऐके, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसे, त्यात थोडी भीतीही असे. आईचा गळा घेऊन आली आहे पोर, असे ती पडदेकाकांना म्हणे.

आणि मग बहीण आली ती कायमचे न्यायलाच. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, जणू उठायला सांगतील तर उशीर नको. तिने ठकीसाठी एक झगा आणला होता. तो ठकीला दंडातच अडकला. बहिणीने मनाशी जे माप धरले होते, ते दोन वर्षांपूर्वीचे होते.

"ताई, फिरणं संपलं माझं. एका जागी घर केलंय. मुलांना गाणं शिकवते. तिला न्यायला आलेय."

"चहा घेशील?"

"ताई, तू काही बोलत का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? तुझी आहे. ने."

ठकी मात्र बाहुल्यांच्या पेटीत जाऊन बसली. झाकण आतून ओढून धरले. "मी नाही जाणार," ती आतून म्हणाली. मी तिच्या मांडीखाली चेंगरलो होतो. बाहुलीताईने समजावले, रागावून पाहिले, तिकडे बाग आहे म्हणून सांगितले. "तू गोड बोलतेस," आतून उत्तर आले. दोन दिवस तेच. शेवटी बहीण पेटीपाशी जमिनीवर बसली, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे ताई. मी एकटी जाते. हक्क मीच घालवला आहे."

ती उठून तोंड धुवायला गेली. मला पेटीच्या फटीतून बाहुलीताई दिसत होती. ती बहिणीच्या पाठीकडे पाहत होती. हीच धाकटी बहीण तिने आई गेल्यावर स्वतःच्या हाताने वाढवलेली होती. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात तसे झाले होते तिचे. ठकी राहिली तर बहीण मोडणार, ठकी गेली तर ती स्वतः. तिने फार वेळ लावला नाही. "थांब," ती म्हणाली, "शनिवारी वाचनालयात खेळ आहे. खेळ झाला की ती येईल तुझ्याबरोबर."

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. गल्लीतली सगळी मुले दाटीवाटीने बसली होती. ठकी त्या दिवशी प्रथमच पडद्यापुढे बसली, आईच्या शेजारी. तू आज पाहुणी, असे बाहुलीताईने तिला सांगितले होते. पडदा उघडला आणि मला कळेना, कारण तिच्या उजव्या हातात कोकिळेचे पिल्लू होते. पडदेकाकांनाही कळेना. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

खेळ झकास झाला. मी पिल्लाला भरवले, मुले हसली. पिल्लाने कुहू केले, मी घरट्यातून पडलो, मुले लोळली. मग पिल्लाने उडून जायचे. पण पिल्लू गेले नाही. ते माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "मी नाही जाणार." बाहुलीताईने ठकीचेच शब्द त्याच्या तोंडी घातले होते. समोर ठकीने मान वर केली.

आणि मी बोललो. चोच माझी, आवाज पत्तीचा, शब्द बाहुलीताईचे. "जा," मी म्हणालो. "माझी चोच दुखली तुला भरवून भरवून. ओझं झालं होतं मला तुझं. तुझी माणसं आली आहेत, जा त्यांच्याबरोबर, आणि पुन्हा या झाडावर येऊ नकोस."

मुले खदखदून हसली. पत्तीतून काहीही बोलले तरी ते गमतीचेच वाटते. पडदा ओढायची वेळ झाली, पण पडदेकाका दोरी हातात धरून नुसते उभे राहिले. मुले उठली, चपला शोधू लागली. ठकी हसली नव्हती. ती पडद्याशी आली. बाहुलीताई मला हातातून न काढताच बाहेर आली होती, तोंडात पत्ती तशीच.

ठकीने बाहुलीताईकडे पाहिलेच नाही. तिने माझ्या डोळ्यांत पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "काऊ, खरं?"

मित्रांनो, बाहुलीचे दुःख काय असते ते तुम्हाला सांगतो. आतल्या हाताने हलवले तरच आम्हाला हलता येते. मी जीव खाऊन मान ताठ धरायचा प्रयत्न केला, पण माझ्या मानेत बाहुलीताईची बोटे होती. ती थरथरत होती. त्या बोटांनी माझी मान वरून खाली हलवली. एकदाच.

ठकी वळली, आईपाशी गेली आणि म्हणाली, "चल." ती रडली नाही. दाराशी थांबून मागेही पाहिले नाही. मांजर मेली तेव्हा ती माझ्या पंखात तोंड खुपसून रडली होती. या वेळी त्या पंखांपाशी यायची तिला सोय राहिली नव्हती.

घरी आल्यावर बाहुलीताईने मला मांडीवर घेतले. मला वाटले, कुठे उसवले असेल. तिने जाड काळा दोरा ओवला आणि माझी वरची चोच खालच्या चोचीला शिवून टाकली. टाके अगदी जवळजवळ घातले. चामडे कडक झालेले, सुई जाईना, तिने अंगठ्याने दाबून घातली.

"हे काय करतेस?" पडदेकाकांनी दारातून विचारले.

"ज्या तोंडानं तिला खोटं सांगितलं, ते पुन्हा उघडायला नको."

"अगं, मग जा आणि सांग तिला खरं. अजून स्टेशनवरच असतील."

"खरं सांगितलं तर ती उतरेल गाडीतून. मग धाकटीनं काय करायचं?" तिने दोरा दातांनी तोडला. "तुम्हीही बोलायचं नाही. पडद्यामागचं पडद्यामागे."

पडदेकाका त्या रीतीला जपणारे. ते गप्प बसले, आणि पुढची कितीतरी वर्षे गप्पच राहिले.

त्यानंतर बाहुलीताईचे खेळ चालले, पण माझ्याशिवाय. मुले विचारत, कावळा कुठे आहे? ती म्हणे, उडून गेला. मी पेटीच्या तळाशी होतो, कोकिळेच्या पिल्लाच्या अंगाला अंग लावून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पिल्लाला खरोखरच कसर लागली आणि एका पावसाळ्यात त्याची भुकटी झाली. छत्रीचे कापड असूनही मी शिलाईवर विरलो. धाकट्या बहिणीची खुशाली येई. ठकी गाते, ठकीला बक्षीस मिळाले, ठकीचे लग्न ठरले. ठकी स्वतः मात्र आली नाही आणि तिने कधी शब्दही पाठवला नाही. का येईल? कावळ्याने तिला सांगितले होते, पुन्हा या झाडावर येऊ नकोस. कावळा तर खरे बोलतो.

म्हातारपणी बाहुलीताईची बोटे आखडली आणि खेळ थांबले. मग ती मला पेटीतून काढून खिडकीत ठेवू लागली. ओल्या फडक्याने माझे डोळे पुसे. पण हात मात्र तिने माझ्यात पुन्हा कधी घातला नाही. खिडकीच्या बाहेर खरे कावळे येत आणि मला बघून कलकलाट करत. कावळा ओरडला की पाहुणा येतो, असे तुम्हीही ऐकले असेल. बाहुलीताई असल्या गोष्टी सांगून पोट भरलेली बाई, तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तरीही कावळा ओरडला की ती खिडकीतून वाकून गल्लीच्या तोंडापर्यंत पाही. पाववाला येई, पोस्टमन येई, बेकरीची गिऱ्हाइके येत. थोड्या वेळाने ती आत येऊन बसे आणि उगीचच माझा पंख नीट करी.

असेच पाहता पाहता ती एका हिवाळ्यात गेली. दोन दिवसांचा ताप, बस. शेवटी तिने मला मागितले आणि उशाशी ठेवले.  मला बोलायचे होते, पण मी पडलो बाहुली, आणि त्यात तोंड शिवलेले.

खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. धाकटी बहीण आजारी, ती येऊ शकत नव्हती, म्हणून ठकी आली. मी तिला तिच्या चालण्यावरून ओळखले, जिन्याची तिसरी पायरी ती पूर्वीसारखीच ओलांडून आली. ती आता मोठी बाई झाली होती. कडेवर एक लहान मुलगी होती, तोंडाशी आणलेला घास ढकलून देणारी, अगदी आईवर गेलेली. ठकीने पदराने कपाळ पुसले आणि कोरड्या आवाजात पडदेकाकांना म्हणाली, "काय असेल ते वाटून टाका. मला काही नको. मी फक्त सही करायला आलेय."

पडदेकाका आता काठी टेकत चालत. त्यांनी मान हलवली. ठकी खोलीत फिरली, तिने कोमट जमिनीवर पाऊल ठेवून क्षणभर डोळे मिटले, आणि मग तिला मी दिसलो. तिने मला उचलले. माझ्या चोचीवर तिचा अंगठा गेला आणि तिथेच थांबला.

"याची चोच कुणी शिवली?"

पडदेकाकांनी काठी भिंतीला टेकवली. ते खिडकीकडे पाहत राहिले.

"काका, कुणी शिवली?"

"तिनं," ते म्हणाले. "तू गेलीस त्या दिवशी." मग ते पेटीवर बसले, जन्मभर जपलेली रीत त्यांनी बाजूला ठेवली आणि सगळे सांगितले. "ते वाक्य त्या गोष्टीत कधीच नव्हतं, पोरी. ओझं झालं होतं, हे. त्या खेळाचा पडदा मी शेकडो वेळा ओढलाय. ते तिनं तुझ्यासाठी घातलं, तू जावंस म्हणून. तिच्या तोंडात पत्ती होती, तुम्हाला ऐकू आला कावळा. मी आत उभा होतो. ती रडत होती. नाक, डोळे, सगळं वाहत होतं, आणि दोन्ही हातांत बाहुल्या, पुसायला हात नाही. जन्मात एकदाच पडदा ओढायचा विसरलो मी, तो त्या दिवशी."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ठकीचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "आई म्हणायची, जा एकदा भेटून ये. दरवेळी म्हणायची. मी म्हणायचे, मला नको म्हटलंय तिथे. काका, मी रोज म्हणायचे."

"मी रीत पाळत बसलो," पडदेकाका म्हणाले. 

कडेवरून उतरवून पुढे भाताची बशी ठेवलेली लहान मुलगी तो भात जमिनीवर सांडत होती. तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. ठकीने बाहुलीताईच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री शोधली आणि माझे टाके एकेक करून कापले. दोरा जुना होऊन चामड्यात रुतला होता, तो तिने नखांनी ओढून काढला. मग ती खाली बसली आणि तिने आपला हात माझ्यात घातला. तो हात आता बाहुलीताईच्या हाताएवढाच झाला होता. किती वर्षांनी माझ्यात ऊब आली, ते मला सांगता येत नाही.

तिने मला डोळ्यांसमोर धरले आणि लहानपणीच्याच आवाजात विचारले, "काऊ, ओझं होते का रे मी?"

माझ्या पोटात उत्तर होते. इतकी वर्षे पेटीच्या तळाशी मी तेच एक उत्तर सांभाळत होतो. पण बाहुली आतल्या हाताशिवाय हलत नाही, आणि आत हात होता तिचाच. मी वाट पाहिली. तिची बोटे माझ्या मानेत थरथरू लागली, अगदी त्या शनिवारी थरथरली होती तशी. मग माझी मान हलली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नाही. नाही. नाही. ती तिने हलवली की मी, ते मला विचारू नका. ठकीने माझ्या विरलेल्या पंखात तोंड खुपसले आणि त्या दिवशी राहून गेलेले सगळे रडणे रडली.

आता मी ठकीच्या घरी असतो. चोचीला टाक्यांच्या भोकांची रांग राहिली आहे, त्यातून भाताची शिते गळतात. ठकीची मुलगी ती वेचून पुन्हा माझ्या चोचीत ठेवते. कधी कधी ती मला विचारते, आई उद्या कामावरून केव्हा येणार, सुई टोचली तर दुखेल का. ठकी मला लगेच हातातून उतरवते, मुलीला समोर बसवते आणि स्वतः सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी बाहुली पेटीत पडली असेल तर तिला ऊन दाखवा, कसर काढा, उसवले असेल तिथे टाका घाला. आम्हाला तेवढे पुरते. घास भरवायला माझी चोच खुशाल घ्या. पण ज्याच्यावर जीव आहे त्याला काही कठीण सांगायचे असेल, तर ते कावळ्यावर सोपवू नका. जवळ जा, आणि आपल्या तोंडाने सांगा.